ब्रिजटाऊन बंदरात एकच दिवस : गुहा, कासवे की केन्सिंग्टन ओव्हल?

सागरवाट (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. येत्या हिवाळ्यात सान हुआनहून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझचे आरक्षण केले असून तिचा एक थांबा बार्बाडोसच्या ब्रिजटाऊन बंदरात आहे. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागेल आणि संध्याकाळी पाचला सुटेल, असे वेळापत्रकात दिले आहे. बाकीच्या बेटांवर काय करायचे याबद्दल घरात वाद नाही, परंतु या एका दिवसावरून गेले तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर रोज बैठक भरते आहे.

आम्ही पाच जण आहोत : मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबांचे वय ७१, उजवा गुडघा कुरकुरतो, पण चालतात. १९७१ सालच्या वेस्ट इंडीज दौऱ्याचे धावफलक त्यांनी शाळकरी वयात वर्तमानपत्रातून एका वहीत उतरवून घेतले होते आणि ती वही त्यांनी अजून जपून ठेवली आहे. त्यामुळे ब्रिजटाऊनमध्ये त्यांना केन्सिंग्टन ओव्हल या क्रिकेट मैदानाखेरीज दुसरे काहीही पाहायचे नाही. मुलीला समुद्रात कासवांबरोबर पोहायचे आहे. पत्नीला बेटाच्या मध्यभागी असलेली हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा पाहायची आहे आणि त्यासाठी जहाजाकडूनच मिळणारी सहल घ्यावी, असे तिचे मत आहे. आई शाकाहारी आहे. तिचे म्हणणे एवढेच की मला सावलीत बसवा आणि वेळेवर खायला द्या.

या तिन्ही गोष्टी एका दिवसात बसतील का? आणि जहाजाची सहल घ्यावी की आपले आपण फिरावे? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लंगर

सर्वप्रथम आठ ते पाच म्हणजे नऊ तास हा हिशेब मनातून काढून टाका. आठला जहाज लागते, म्हणजे दोर बांधले जातात. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी, शिडीपाशी उसळणारी गर्दी आणि लांबलचक धक्का पार करून बंदराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत पावणेनऊ-नऊ होतात. पाचला सुटणाऱ्या जहाजावर साडेचारपर्यंत चढावे लागते, आणि वयस्कर माणसे सोबत असतील तर साडेतीनलाच परतलेले बरे. म्हणजे हाती राहतात साडेसहा तास.

त्या साडेसहा तासांत दोन गोष्टी निवांतपणे होतात, तिन्ही केल्या तर प्रत्येक ठिकाणी घड्याळ पाहत बसावे लागते. बेट लहान आहे, लांबी ३४ किलोमीटर आणि रुंदी २३ किलोमीटर, पण रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत. गुहेपर्यंत जाणे, तिथे आपल्या गटाची पाळी येईपर्यंत थांबणे, आत ट्रॅममधून फिरणे आणि परत येणे, यांत अर्धा दिवस सहज जातो. माझे मत विचाराल तर गुहा सोडा.

मायामीची_मावशी

लंगर यांच्याशी सहमत आहे, पण त्यात एक भर घालते. जहाजाचे घड्याळ आणि बेटाचे घड्याळ एकच असेल असे गृहीत धरू नका. आम्ही फ्लोरिडाहून थंडीत निघालो होतो तेव्हा जहाजाने शेवटपर्यंत फ्लोरिडाचीच वेळ ठेवली होती, आणि बार्बाडोस त्या वेळी एक तास पुढे असते. फोनने आपोआप बेटाची वेळ घेतली, मनगटावरचे घड्याळ जुन्याच वेळेवर राहिले, आणि यांनी फोनवर विश्वास ठेवल्यामुळे आम्ही तासभर आधी परतून धक्क्यावर उन्हात बसलो. उलट झाले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही.

लंगर

मावशी, तुमचा मुद्दा फ्लोरिडाच्या जहाजांना लागू आहे. सान हुआन आणि ब्रिजटाऊन ही दोन्ही ठिकाणे वर्षभर एकाच वेळेवर चालतात आणि कुठेही घड्याळ मागेपुढे केले जात नाही. सागरवाट यांना ही अडचण येऊ नये. तरीही उतरताना शिडीपाशी लावलेला फलक वाचावा, कारण जहाजावर कप्तानाचे घड्याळ खरे मानले जाते.

तिरकस

सर्वांत सुटसुटीत योजना अशी आहे : बाबांना ओव्हलवर सोडा, पत्नीला गुहेत, मुलीला पाण्यात, आईंना जेवणाच्या टेबलावर, आणि स्वतः धक्क्यावर उभे राहून चौघांची वाट पाहा. कुटुंबप्रमुखाचे काम याहून वेगळे कुठे असते?

डोंबिवलीचा_फलंदाज

सागरवाट, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांना ओव्हलखेरीज काही पाहायचे नाही, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही.

त्या वहीत ब्रिजटाऊन कसोटीचे पान नक्की असेल. वेस्ट इंडीजने ५ बाद ५०१ वर डाव घोषित केला होता, त्यात सोबर्स नाबाद १७८. उत्तरादाखल आपले ६ गडी ७० धावांत परतले होते, आणि तिथून दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी सातव्या गड्यासाठी १८६ धावा जोडल्या. सरदेसाई १५०. दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७ आणि सामना अनिर्णित राहिला. पोर्ट ऑफ स्पेनला मिळवलेली आघाडी ब्रिजटाऊनला टिकली म्हणून अजित वाडेकरांच्या संघाने ती मालिका जिंकली. वेस्ट इंडीजमध्ये मिळवलेला तो आपला पहिला मालिकाविजय. मडगावचा एक माणूस आणि मुंबईचा एक माणूस त्या मैदानावर तासन्‌तास उभे राहिले, हे लक्षात घेतले की गुहा जरा फिकी पडते.

आता व्यवहाराचे बोलतो. मैदान बंदरापासून जवळ आहे. फाटकातून बाहेर पडून फाँटाबेल या भागाच्या दिशेने पायी निघालात तर गुडघा सांभाळूनही वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचाल. मैदानाबाहेर सर गारफील्ड सोबर्स यांचा पुतळा आहे आणि समोर हर्बर्ट हाऊस या इमारतीत बार्बाडोसच्या क्रिकेटपटूंचे संग्रहालय आहे. मात्र १९७१ सालचे स्टँड शोधू नका. २००७ सालच्या विश्वचषकासाठी मैदान जवळजवळ नव्याने बांधले गेले. हवा आणि गवत तेवढे जुने असेल.

कासवगती

मुलीची बाजू घेणारे अजून कोणी आलेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

कार्लाइल बे हा उपसागर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि बंदरावरून टॅक्सीने फार वेळ लागत नाही. पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे पाणी शांत असते, वाळू पांढरी आणि तळ हळूहळू खोल होत जाणारा. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर जुनी बुडालेली जहाजे आहेत. त्यांतली बर्विन ही फ्रेंच टगबोट १९१९ सालापासून तिथे पडून आहे आणि ती इतक्या कमी खोलीवर आहे की नळी तोंडात धरून वर तरंगणाऱ्यालाही तिच्यावरची प्रवाळे नीट दिसतात. कासवे त्याच परिसरात येतात.

प्रत्यक्ष अनुभव सांगतो. मी पाण्यात तोंड घातले तेव्हा खाली फक्त वाळू आणि माझीच सावली दिसत होती. मग त्या सावलीचा एक तुकडा वेगळा झाला आणि संथपणे वर येऊ लागला. पाठीवर शेवाळाचा पुंजका, पुढचे दोन पाय वल्ह्यासारखे, आणि चेहऱ्यावर आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांचा भाव. माझ्यापासून दोन हातांवर त्याने डोके पाण्याबाहेर काढले, श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेले. त्याला हात लावायचा नाही, त्याच्या वाटेत यायचे नाही आणि त्याला खायला घालायचे नाही, हे मुलीला आधीच नीट समजावून सांगा.

एक आग्रह आहे : कासवे सकाळी पाहा. दहानंतर कॅटमरान बोटींच्या सहली येतात आणि मग पाण्यात कासवांपेक्षा माणसांचेच पाय जास्त दिसतात.

डोंबिवलीचा_फलंदाज

सकाळ तर ओव्हलला हवी. ७१ वर्षांच्या माणसाला दुपारच्या उन्हात फाँटाबेलपर्यंत चालवणार का?

कासवगती

मग टॅक्सी करावी. कासवाला टॅक्सीचा पर्याय नाही.

कागदपत्र

सागरवाट यांनी व्हिसाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो, पण हा मुद्दा बाकी सगळ्याच्या आधी पाहावा असा आहे. भारतीय पारपत्रावर बार्बाडोसला अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. अडचण परतीच्या वाटेवर आहे. आपण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पारपत्रातला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर "तीस दिवसांच्या आतली सहल आहे, चालून जाईल" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. संपलेल्या शिक्क्यावर परत येऊ देण्याची ती सवलत एच-१बी धारकांना केवळ कॅनडा आणि मेक्सिकोसाठी आहे, कॅरिबियन बेटांसाठी नाही. सान हुआन अमेरिकेचेच असले तरी जहाजावरून उतरताना तपासणी होते. आई-बाबांच्या पर्यटक व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, तेही पाहा.

सागरवाट (धागाकर्ता)

कागदपत्र, मनापासून आभार. आमचा शिक्का पुढच्या वर्षापर्यंत वैध आहे आणि आई-बाबांचा व्हिसा दहा वर्षांचा, अनेक प्रवेशांचा आहे. तरी आज पुन्हा काढून पाहिला.

जहाजाच्या सहलीबद्दल मात्र कोणीच लिहिले नाही. पत्नीचे म्हणणे असे की, जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते आणि आपल्याला उशीर झाला तर थांबत नाही.

मायामीची_मावशी

वहिनींचे म्हणणे बरोबर आहे, जहाजाच्या नोंदणीकृत सहलीचे लोक मागे राहिले तर जहाज थांबते किंवा त्यांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी घेते. स्वतःचे स्वतः फिरणाऱ्याला ही सोय नाही. पुढच्या बेटाचे विमान स्वतःच्या खिशातून. दूर जायचे असेल, विशेषतः पूर्व किनाऱ्यावर बॅथशेबाच्या बाजूला, तर जहाजाची सहल घ्यावी असे मी सगळ्यांना सांगते. पण ओव्हल आणि कार्लाइल बे ही दोन्ही ठिकाणे बंदराच्या इतक्या जवळ आहेत की तिथून जहाजाचा भोंगासुद्धा ऐकू येईल. त्यासाठी माणशी एवढे पैसे मोजून चाळीस जणांच्या बसमध्ये बसण्याचे कारण मला दिसत नाही.

जुनी_पाने

क्रिकेट आणि समुद्र यांच्यामध्ये एक शहरही आहे, त्याची आठवण करून देतो. ब्रिजटाऊनचा ऐतिहासिक भाग आणि तिथली लष्करी छावणी मिळून २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. ओव्हलवरून कार्लाइल बेकडे जाताना हे शहर वाटेतच लागते.

नॅशनल हीरोज स्क्वेअर या चौकाचे नाव पूर्वी ट्रफाल्गर स्क्वेअर होते आणि तिथे १८१३ सालापासून ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा उभा होता. तो नोव्हेंबर २०२० मध्ये हलवला गेला आणि साधारण एक वर्षाने, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, देश प्रजासत्ताक झाला. चौकाला लागूनच केरिनेज नावाची खाडी आहे. जहाजे एका कुशीवर कलती करून त्यांचे बूड खरवडण्याचे काम इथे चालत असे. पलीकडे संसदेच्या प्रवाळदगडी इमारती आहेत. थोडे आत गेले की निधे इस्राएल हे यहुदी प्रार्थनास्थळ लागते. त्याची स्थापना १६५४ सालची. डच ब्राझीलमधून बाहेर पडावे लागलेले यहुदी या बेटावर आले आणि ऊस गाळण्याचे तंत्रही त्यांच्यापैकी काहींनी सोबत आणले. १८३१ च्या चक्रीवादळात मूळ वास्तू पडली, सध्याची १८३३ सालची आहे. आवारात २००८ साली उत्खनन करताना सतराव्या शतकातला स्नानकुंड सापडला, आणि त्यात जिवंत झऱ्याचे पाणी होते.

या साऱ्या वैभवामागे ऊस आहे आणि उसामागे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे आहेत. समुद्र पाहून परत येणाऱ्याने निदान एवढे तरी समजून यावे, असे मला वाटते.

निळी_छत्री

या धाग्यावर उशिरा येते आहे. मी दोन वर्षे ब्रिजटाऊनजवळ राहिले आहे, त्यामुळे काही गोष्टी तिथल्या रहिवाशाच्या नजरेने लिहिते.

पहिली गोष्ट कपड्यांची. लष्करी ठिपक्यांचा (कॅमोफ्लाज) कपडा, टोपी किंवा पिशवी घेऊन जहाजातून उतरू नका. सामान्य नागरिकांना तो पोशाख बार्बाडोसमध्ये कायद्याने बंद आहे आणि लहान मुलेही त्याला अपवाद नाहीत.

दुसरी पैशांची. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर १९७५ सालापासून ठरलेला आहे. अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतात, आणि नेमके तिथेच लोक फसतात. टॅक्सीवाला "तीस" म्हणाला तर "कोणते तीस?" हे गाडीत बसण्याआधी विचारा. टॅक्सीला मीटर नसतो आणि तिच्या क्रमांकाच्या पाटीवर सुरुवातीला झेड हे अक्षर असते. झेडआर या अक्षरांच्या पांढऱ्या व्हॅन वेगळ्या, त्या ठरलेल्या मार्गावर धावतात, स्वस्त असतात, आणि त्यांच्यात संगीत इतके मोठ्याने लावलेले असते की बाबांना गुडघ्याची आठवणही होणार नाही. व्हॅनमध्ये किंवा दुकानात शिरताना आधी "गुड मॉर्निंग" म्हणा. न म्हणता थेट किंमत विचारणारा माणूस तिथे असभ्य ठरतो.

तिसरी सावलीची. किनाऱ्यावर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळे असलेले एक झाड दिसेल, त्याचे नाव मँचिनील. त्याचे फळ खाऊ नका, फांदी तोडू नका आणि पाऊस आला तर त्याच्याखाली उभे राहू नका, कारण पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात. पुष्कळ ठिकाणी त्याच्या खोडावर लाल रंगाची खूण केलेली असते. आईंना सावलीत बसवाल तेव्हा सावली कोणाची आहे हे पाहून बसवा.

पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. प्रवाळाच्या खडकातून गाळून आलेले नळाचे पाणी तिथे निर्धास्तपणे पितात.

पोटोबा

आईंच्या जेवणाचा विचार मी करतो. तिथे रोटी म्हणजे पातळ पोळीत बटाट्याची किंवा छोल्यांची रस्सेदार भाजी घालून केलेली चौकोनी घडी. ती त्रिनिदादकडून आलेली असली तरी बार्बाडोसमध्ये सर्वत्र मिळते, आणि शेफेट नावाच्या तिथल्याच साखळी उपाहारगृहांतही बटाट्याची रोटी असते. मॅकरोनी पाय हा दुसरा पर्याय : चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीची वडी, जी तिथल्या प्रत्येक घरात रविवारी होते.

राष्ट्रीय पदार्थ कू-कू आणि उडणारा मासा. कू-कू म्हणजे मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून लाकडी दांड्याने घोटत राहायचे. आपल्या उकडीची आठवण होईल अशी ती लागते. केवळ कू-कू मागता येते, पण तिच्यावर माशाचा रस्सा ओतण्याआधी वाढणाऱ्याला थांबवावे लागते. मी थांबवले नाही, त्याचा पश्चात्तापही नाही.

तिरकस

भेंडीची उकड खायला सान हुआनमार्गे बार्बाडोसला जाणारे आईंचे कुटुंब हे बहुधा पहिलेच असेल.

अबोली

एक शंका आहे. वेस्ट इंडीजमध्ये आपले लोक गिरमिटिया म्हणून गेले होते ना? मग बार्बाडोसमध्ये भारतीय जेवण त्रिनिदादवरून का यावे लागले?

जुनी_पाने

चांगला प्रश्न आहे. त्रिनिदाद आणि गयानात गुलामगिरी संपल्यानंतर मळ्यांना मजूर कमी पडले, म्हणून भारतातून जहाजे भरून माणसे नेली गेली. बार्बाडोसमध्ये जवळजवळ सगळी जमीन मळेवाल्यांच्याच ताब्यात होती. मुक्त झालेल्या लोकांना जायला दुसरी जागाच नसल्यामुळे ते त्याच मळ्यांवर राबत राहिले आणि भारतातून मजूर आणण्याची गरज पडली नाही. तिथले भारतीय बरेचसे विसाव्या शतकात व्यापारासाठी आलेले. त्यांत सुरतेकडचे गुजराती मुसलमान पुष्कळ, आणि सुरुवातीला ते दारोदार हिंडून उधारीवर कापड विकत असत.

डोंबिवलीचा_फलंदाज

ओव्हलवर परत येतो, कारण एक गोष्ट राहून गेली. मार्च १९६२ मध्ये याच मैदानावर, बार्बाडोसविरुद्धच्या दौऱ्याच्या सामन्यात, वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला आणि कवटीला गंभीर इजा झाली. त्या रात्री त्यांना रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर होते. एक पुण्याचा, एक नाशिकचा. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. वॉरेल यांच्या स्मरणार्थ बंगालच्या क्रिकेट संघटनेतर्फे ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर भरते, ते यामुळे.

वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे वेस्ट इंडीजचे तिघेही फलंदाज ओव्हलच्या आसपासच्या वस्तीत, दीड वर्षाच्या अवधीत जन्मले. तिघांच्या समाध्या केव्ह हिल येथे विद्यापीठाच्या मैदानाजवळ शेजारी शेजारी आहेत. बंदरावरून टॅक्सीने ते ठिकाण दूर नाही. गुहेऐवजी, केव्ह या नावापुरते का होईना, वहिनींना तिथे नेता येईल.

तिरकस

आणि १९९७ सालचे पान वहीत आहे का? १२० धावांचा पाठलाग करताना सर्वबाद ८१, तेही याच मैदानावर. त्या दिवशी गुहेत गेलेले लोक सुखी होते.

अबोली

तिरकस, ते दुःख २९ जून २०२४ रोजी त्याच मैदानावर, टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फिटले. शेवटच्या षटकात १६ धावा हव्या असताना सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल चेंडू आत उडवून, बाहेर जाऊन, पुन्हा आत येऊन घेतला, आणि आमच्या सोसायटीत रात्री साडेअकराला कोणीतरी पातेले वाजवत जिन्यावरून खाली धावले. सागरवाट यांची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला तो झेल आठवत असणार. तिला विचारून तर पाहा. कदाचित तिचेही मत ओव्हलला पडेल.

सागरवाट (धागाकर्ता)

विचारले. तिला झेल आठवतो आणि ती सीमारेषाही पाहायची आहे, पण कासवे सोडून नव्हे.

आता ठरले ते असे. गुहा रद्द. पत्नीने साडेसहा तासांचा हिशेब स्वतः कागदावर मांडून पाहिला आणि तह मान्य केला. सकाळी पत्नी आणि मुलगी टॅक्सीने थेट कार्लाइल बेला जातील, मी बाबांना आणि आईला घेऊन ओव्हल आणि संग्रहालय पाहीन, नंतर आम्ही ब्रॉड स्ट्रीटवर थोडी खरेदी आणि रोटी खाऊन अकरापर्यंत किनाऱ्यावर त्यांना गाठू. तारीख ३० नोव्हेंबर.

निळी_छत्री

थांबा. तारीख ३० नोव्हेंबर? वर जुनी_पाने यांनीच लिहिले आहे ते पुन्हा वाचा. तो बार्बाडोसचा स्वातंत्र्यदिन आहे, १९६६ सालापासूनचा, आणि आता प्रजासत्ताकाचाही वाढदिवस. सार्वजनिक सुट्टी असते. ब्रॉड स्ट्रीटवरची दुकाने बंद असतील, संग्रहालय उघडे आहे का हे आधी विचारून घ्यावे लागेल, आणि ओव्हलच्या आत सोडतील असे धरून चालू नका. किनारा मात्र सुट्टीच्या दिवशी भरलेला आणि आनंदी असतो. शहरभर निळ्या आणि सोनेरी पताका दिसतील, ते पाहण्यासारखे आहे. टॅक्सी परतीसाठीही आधीच ठरवून ठेवा.

लंगर

वेळापत्रक सगळ्यांनी पाहिले, दिनदर्शिका कोणीच पाहिली नाही. मीही त्यात आलो.

सागरवाट (धागाकर्ता)

कालच परतलो, त्यामुळे ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना वृत्तांत देणे लागतो.

संग्रहालय बंद होते. ओव्हलचे मोठे फाटकही बंद होते आणि आत खुर्च्यांची हलवाहलव चालू असल्याचा आवाज येत होता. बाबांनी आधी सोबर्सच्या पुतळ्याभोवती एक फेरी मारली, पायांची ठेवण पाहिली, बॅटचा कोन पाहिला, आणि मग खिशातून वहीच्या त्या पानाची छायाप्रत काढली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला "गुड मॉर्निंग" म्हणून मी कागद त्याच्यापुढे धरला. आकडे सगळ्या भाषांत सारखेच असतात असे मी समजत होतो, पण बाबांची वही मराठी आकड्यांत आहे हे मला तिथे उमगले. मग मीच वाचून दाखवले. सोबर्स नाबाद १७८ म्हटल्यावर त्याने तिथल्या तिथे पुतळ्याकडे पाहून मान डोलावली. आत सोडता येणार नाही, असे त्याने दोनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा आम्हाला बाजूच्या जाळीच्या फाटकापाशी नेले. त्या जाळीतून स्टँडचा एक कोपरा आणि दोन हात रुंदीची हिरवळ दिसते. बाबा जाळी धरून तिथे आठ-दहा मिनिटे उभे होते. आईने नंतर हळूच मला विचारले, "एवढेच पाहायला आलो होतो का?" आणि बाबांनी ते ऐकले, पण उत्तर दिले नाही.

टॅक्सीवाल्याने किनाऱ्यापर्यंत वीस सांगितले, आणि निळी_छत्री यांनी पढवल्याप्रमाणे "कोणते वीस?" विचारल्यावर तो हसून "तुम्ही म्हणाल ते" म्हणाला. आम्ही बार्बाडोसचे म्हणालो. मुलीने दोन कासवे पाहिली, त्यातल्या एकाचे नाव सूर्या ठेवले. रोटीचे दुकान बंद असल्यामुळे आईने किनाऱ्यावरच्या टपरीत मॅकरोनी पाय खाल्ली आणि "हिच्यात हिरवी मिरची हवी होती" एवढाच शेरा मारला. झाड पाहून, खोडावर लाल खूण नाही याची खात्री करून बसवले होते. मुलीची ठिपक्यांची टोपी आठवणीने केबिनमध्येच ठेवली होती. तीन वाजून वीस मिनिटांनी जहाजावर परतलो. गुहा पत्नीच्या खाती जमा आहे.

डोंबिवलीचा_फलंदाज

सागरवाट, वृत्तांत दोनदा वाचला. एक विनंती आहे. त्या पानावर सोलकर यांच्या नावापुढे ६५ आहेत ना, तेवढे पाहून सांगाल का? माझ्याकडच्या कात्रणात तो आकडा फाटला आहे.

सागरवाट (धागाकर्ता)

५६ लिहिले आहेत. बाबांना दाखवले. ते म्हणतात, चूक त्या दिवशीच्या वर्तमानपत्राची आहे.